समजूत कोणाची घालायची?



काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. आपल्याच परिसरातील एका घरी आम्ही चार-पाच जण समजूत घालायला गेलो होतो. कोणाचे घर, कोणते गाव, हे सांगणार नाही. ओळख पटेल असे काहीही येथे लिहायचे नाही, हे आम्ही आधीच ठरवले आहे. नवऱ्याने बायकोला मारले होते. तिच्या ओठाला लागले होते. ती शेजारच्या बाईजवळ रडली, शेजारचीने आम्हांला सांगितले, म्हणून आम्ही गेलो.

बाहेरच्या खोलीत नवरा, त्याचे वडील, मोठा भाऊ आणि आम्ही बसलो. ती स्वयंपाकघराच्या दाराशी उभी होती. नवऱ्याने मान खाली घातली आणि पुन्हा हात उचलणार नाही, असे सर्वांसमोर सांगितले. आमच्यापैकी एकाने तिला विचारले, "वहिनी, झाले ते झाले. आता राग सोडा. काय म्हणता?" तिने एकेकाकडे पाहिले आणि मान हलवली. चहा तिनेच केला. आम्ही सर्वांनी मिळून प्रार्थना म्हटली आणि उठलो. परत येताना एकमेकांना म्हणालो, एक संसार वाचला.

पुढे दोन-अडीच वर्षांनी ती मुलांना घेऊन बहिणीकडे निघून गेली. लोकांनी बोल तिलाच लावला. आम्हीही मनातून थोडा लावलाच. नंतर एका लग्नात ती भेटली तेव्हा आमच्यातील एका बहिणीला शांतपणे म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही चहा पिऊन गेलात. मग दार लागलं. बाहेरच्यांना का सांगितलंस म्हणून मी पुन्हा मार खाल्ला. त्यानंतर मी कोणाला काही सांगितलं नाही."

या वाक्याने आम्हांला पुष्कळ दिवस झोप लागू दिली नाही. आम्ही वाईट हेतूने गेलो नव्हतो. कोणाची बाजू घ्यायची नाही, दोघांनाही समजावायचे, असे ठरवूनच गेलो होतो. तरीही आमच्या जाण्याने मारणाऱ्याचे काहीच बिघडले नाही आणि मार खाणारीची बोलण्याची एकुलती एक वाट बंद झाली. असे का झाले? बाजू न घेणे ही खरोखर न्यायाची गोष्ट आहे का? आज या प्रश्नाचा आपण मिळून विचार करू या.

समेट आणि शांतता

आपल्या भागात समेटाची परंपरा जुनी आहे आणि ती चांगलीही आहे. शिरूर आणि दौंड हे शेतीचे तालुके. बांध कोणी कोरला, विहिरीचे पाणी कोणाच्या पाळीचे, ऊस कोणाच्या रस्त्याने न्यायचा, यांवरून पिढ्यान्‌पिढ्या भांडणे चालतात. १५ ऑगस्ट २००७ पासून महाराष्ट्र शासनाने महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली, तेव्हा गावोगाव समित्या झाल्या आणि कोर्टकचेरीत पैसा घालवण्यापेक्षा चावडीवर बसून मिटवा, असे सांगितले गेले. बांधाच्या भांडणाला हा मार्ग योग्यच आहे. दोन्ही शेतकरी आपापल्या घरी सुरक्षित झोपतात, दोघांनाही थोडे सोडता येते, आणि उद्या पटले नाही तर दोघेही पुन्हा चावडीवर येऊ शकतात.

पण मारहाण हा बांधाचा तंटा नाही. समेटासाठी दोन बाजू लागतात आणि दोघांनाही मोकळेपणाने 'नाही' म्हणता यावे लागते. जिला आज रात्री त्याच घरात, त्याच माणसाजवळ झोपायचे आहे, ती त्याच्यासमोर 'नाही' कशी म्हणेल? तिने मान हलवली तिला आम्ही होकार समजलो. ती भीती होती. आणि समेटात तिने काय सोडायचे होते? त्याने मारणे सोडायचे आणि तिने राग सोडायचा, असा सौदा आम्ही मांडला, जणू तिचा राग आणि त्याचा हात तागडीत सारखेच भरतात.

'टाळी एका हाताने वाजत नाही' असे आपण म्हणतो. 'भांड्याला भांडे लागणारच' असेही म्हणतो. संसारात मतभेद होतात, आवाज चढतो, दोन दिवस अबोला होतो, हे आपण सर्वच जाणतो. पण थप्पड एका हाताने वाजते. भांडणात दोघे बोलतात, मारहाणीत एक बोलतो आणि दुसरी गप्प होते. हा फरक ज्याला दिसत नाही त्याने समजूत घालायला जाऊ नये, असे आता आम्हांला वाटते.

घरात आवाज नाही म्हणजे शांतता आहे, असे नव्हे. कित्येकदा ती एकीच्या गप्प बसण्याने विकत घेतलेली असते, आणि आपण बाहेरचे लोक ती फुकटात मिळाली असे समजून देवाचे आभार मानतो.

ती सांगत का नाही?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ या काळात झाली. त्यात महाराष्ट्रातील १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी २५.२ टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचे सांगितले. म्हणजे चारपैकी एक. रविवारच्या मिस्साला आपल्या शेजारच्या बाकावर चार बहिणी बसल्या असतील तर हा हिशोब डोळ्यांपुढे आणावा. त्याच सर्वेक्षणात देशभर ज्या स्त्रियांनी शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसली त्यांतील केवळ १४ टक्क्यांनी मदत मागितली होती आणि ७७ टक्के स्त्रियांनी मदतही मागितली नव्हती व कोणाला सांगितलेही नव्हते. आणखी एक आकडा आपल्या सर्वांसाठी आहे. काही ना काही कारणासाठी नवऱ्याने बायकोला मारणे योग्य आहे, असे ४५ टक्के स्त्रियांना आणि ४४ टक्के पुरुषांना वाटत होते. सांगायचे कोणाला? ऐकणाऱ्यांतील जवळजवळ निम्म्यांचे मत आधीच ठरलेले आहे.

पुणे शहरात १९८२ साली मंजुश्री सारडा या तरुण विवाहितेचा मृत्यू झाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. मृत्यू आत्महत्येचा असण्याची शक्यता नाकारता येत नाही, असे म्हणून न्यायालयाने १९८४ साली तिच्या पतीला निर्दोष सोडले. त्या निकालावर आम्हांला काही म्हणायचे नाही. आमच्या मनात राहिली ती त्या निकालातच नोंदलेली तिची पत्रे. बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेल्या त्या पत्रांत तिचे दुःख उतरले होते. त्या घटनेनंतर विद्या बाळ आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी पुण्यात नारी समता मंच उभा केला, 'मी एक मंजुश्री' हे प्रदर्शन गावोगाव नेले, आणि पुढे 'बोलते व्हा' नावाचे केंद्र सुरू केले. नावातच सारे आले. बाईला बोलायला जागा नव्हती, ती या स्त्रियांनी करून दिली.

आपल्याकडे रेल्वे वसाहतीतील जुन्या खोल्या असोत, कुरकुंभ-रांजणगावच्या कारखान्यांमुळे उभ्या राहिलेल्या भाड्याच्या चाळी असोत, की मळ्यातील दोन घरे असोत, भिंतीपलीकडचा आवाज ऐकू येतो. आपण काय करतो? टीव्हीचा आवाज वाढवतो. 'त्यांच्या घरातले त्यांनी पाहावे' असे म्हणतो. पण त्याच घरातून धूर येताना दिसला तर आपण बादली घेऊन धावतो, तेव्हा घर कोणाचे हे विचारत नाही. २००८ साली आपल्या देशात 'बेल बजाओ' नावाची मोहीम निघाली होती. टीव्हीवर तिच्या जाहिराती अनेकांनी पाहिल्या असतील. शेजारच्या घरात मारहाण ऐकू आली की दाराची बेल वाजवायची आणि दूध आहे का, फोन करू का, असे काहीतरी साधे विचारायचे. भाषण करायचे नाही. कोणीतरी ऐकत आहे एवढे मारणाऱ्याला कळले तरी हात थांबू शकतो, आणि कोणीतरी ऐकत आहे एवढे तिला कळले तरी ती उद्या बोलू शकते.

दारूमुळे होते का?

आपण सर्वांत जास्त वेळा ऐकतो ते कारण म्हणजे दारू. 'माणूस चांगला आहे हो, पण पोटात गेली की भान राहत नाही.' दारूने कित्येक घरांची राख केली, हे आपल्याला कोणी सांगायला नको. दारू सुटली तर पुष्कळ बिघाड कमी होतो, हेही खरे. पण एक गोष्ट नीट पाहावी. तोच माणूस त्याच दारूत रस्त्यावर पोलीस दिसला की 'नमस्कार साहेब' म्हणतो. मुकादमावर, मालकावर, दुकानदारावर तो हात उचलत नाही. भान गेलेले नसते. कोणावर हात उचलला तर चालतो, हे त्याला पक्के ठाऊक असते. आणि थेंबही न पिणारे, नेमाने प्रार्थना करणारे काही जणही घरी मारतात, हे आपण कबूल केले पाहिजे.

मार हा त्या गोष्टीचा एक भाग असतो. पगार काढून घेणे, माहेरी फोन करू न देणे, कोणाशी बोललीस म्हणून जाब विचारणे, मुलांदेखत हिणवणे, नको असताना जबरदस्ती करणे, रात्री घराबाहेर काढणे, हे सर्व एकाच दोरीचे पीळ आहेत. तिने भीतीत राहावे आणि त्याच्या मर्जीबाहेर पाऊल टाकू नये, यासाठी ती दोरी असते. म्हणूनच २००५ साली संसदेने केलेल्या आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झालेल्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यात शारीरिक हिंसेबरोबर लैंगिक, शाब्दिक-मानसिक आणि आर्थिक छळही हिंसाच मानला आहे. हा कायदा सर्व धर्मांच्या स्त्रियांना लागू आहे. घर नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असले तरी तिला त्या घरात राहण्याचा हक्क या कायद्याने मिळतो.

'मग ती सोडून का जात नाही?' असे आपण सहज विचारतो. कोठे जाणार? प्रदीप पांडा आणि बीना अगरवाल या अभ्यासकांनी केरळमधील तिरुवनंतपुरम जिल्ह्यातील सुमारे ५०० विवाहित स्त्रियांची पाहणी केली होती, ती २००५ साली प्रसिद्ध झाली. ज्यांच्या नावावर जमीनही नव्हती आणि घरही नव्हते त्यांच्यापैकी ४९ टक्के स्त्रियांनी दीर्घकाळ मारहाण सोसली होती. ज्यांच्या नावावर जमीन होती त्यांच्यात हे प्रमाण १८ टक्के, घर होते त्यांच्यात १० टक्के आणि दोन्ही होते त्यांच्यात ७ टक्के होते. जाण्याची जागा आहे एवढ्यानेच हात आखडतो. आपल्या महाराष्ट्रात शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्ती आंदोलन केले आणि शेतकऱ्यांनी बायकोच्या नावे थोडी तरी जमीन करावी असा आग्रह धरला, तो किती दूरदृष्टीचा होता हे यावरून कळते. मुलीच्या लग्नात मांडवावर आणि जेवणावळीवर आपण जो खर्च करतो त्यातला थोडा तिच्या नावाने बँकेत राहिला, तर तो तिच्या जास्त कामी येईल.

'हा तुझा क्रूस आहे'

आता आपल्या घरची गोष्ट. आपण ख्रिस्ती लोक मार खाणाऱ्या बहिणीला जे सांगतो ते इतर कोणी सांगत नाही. आपण म्हणतो, "हा तुझा क्रूस आहे, तो वाहा." शब्द पवित्र आहेत, म्हणूनच ते जपून वापरले पाहिजेत. प्रभू येशूने आपला क्रूस स्वतः होऊन उचलला. दुसऱ्याच्या खांद्यावर क्रूस ठेवण्याचा अधिकार त्याने कोणालाही दिलेला नाही. शुभवर्तमानात क्रूस दुसऱ्यावर लादणारेही आहेत, पण ते रोमी शिपाई आहेत.

आणि प्रभूने प्रत्येक मार खाल्ला असेही नाही. नासरेथच्या लोकांनी त्याला कड्यावरून ढकलण्यासाठी नेले तेव्हा तो त्यांच्यातून निघून गेला. मंदिरात धोंडे उचलले गेले तेव्हा तो बाहेर पडला. त्याच्याही आधी, तो तान्हा असताना, योसेफ त्याला आणि त्याच्या आईला घेऊन रात्रीच मिसर देशाकडे निघाला. पवित्र कुटुंबाने जीव वाचवण्यासाठी घर सोडले होते. त्यांच्या श्रद्धेत काही उणे होते, असे आजवर कोणी म्हटलेले नाही. मग आपली एखादी बहीण मुलांना घेऊन रात्री घराबाहेर पडते तेव्हा आपण तिच्या श्रद्धेकडे का बोट दाखवतो?

संत मोनिकेचे उदाहरणही दिले जाते. तिने रागीट नवऱ्याला सहनशीलतेने जिंकले, असे आपण सांगतो. पण संत ऑगस्टीन यांनी आत्मनिवेदनात काय लिहिले आहे ते पाहावे. त्यांच्या गावातील कित्येक स्त्रियांच्या चेहऱ्यावर नवऱ्याच्या माराच्या खुणा असत, आणि आपल्या वडिलांनी आईवर कधी हात उचलल्याचे मात्र कोणी ऐकले नव्हते, असे ते सांगतात. म्हणजे मार सोसण्याचा आदर्श म्हणून मोनिकेला पुढे करताच येत नाही. तिने त्या मैत्रिणींना नवऱ्यापुढे नमून राहण्याचा सल्ला दिला हेही तेथेच आहे. तो सोळाशे वर्षांपूर्वीचा समाज होता आणि बायको ही नवऱ्याची दासी समजली जाई. संतांचा पवित्रपणा आपण घ्यायचा, त्यांच्या काळातील प्रत्येक रीत घ्यायची नाही.

संत पौलाच्या इफिसकरांस पत्रातील पत्नीने अधीन असावे हे वचन पुष्कळांना पाठ असते. त्याच उताऱ्यात पतीने पत्नीवर ख्रिस्तासारखी, स्वतःला देऊन टाकण्याइतकी प्रीती करावी असे सांगितले आहे, ते तितके पाठ नसते. अर्धे वचन पाठ करणारा ते वचन मोडत असतो.

विवाह हा संस्कार आहे आणि तो माणसाने तोडू नये, ही आपली शिकवण आहे. पण वेगळे राहणे म्हणजे विवाह मोडणे नव्हे. १९८३ च्या ख्रिस्तसभेच्या कायदासंहितेतील कलम ११५३ प्रमाणे एका जोडीदाराकडून दुसऱ्याच्या वा मुलांच्या शरीरास किंवा मनास गंभीर धोका असेल तर वेगळे राहण्यास योग्य कारण आहे. त्यासाठी महागुरूस्वामींचा आदेश घ्यावा आणि थांबण्यात धोका असेल तर स्वतःच्या निर्णयानेही निघावे. धोका खरोखर संपल्यावर पुन्हा एकत्र येण्याचा मार्ग त्या कलमात मोकळा ठेवला आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ साली कुटुंबावरील आपल्या पत्रात याच्याही पुढे जाऊन सांगितले की दुर्बळ जोडीदाराला व मुलांना हिंसेपासून वाचवायचे असेल तेव्हा वेगळे होणे नैतिक दृष्ट्या आवश्यकही ठरू शकते. तेव्हा 'चर्च परवानगी देत नाही' असे यापुढे कोणी कोणाला सांगू नये.

देशाच्या कायद्यानेही आपल्या बहिणींना फार काळ ताटकळत ठेवले. १८६९ च्या घटस्फोट कायद्यानुसार ख्रिस्ती पत्नीला केवळ क्रूरतेच्या कारणाने घटस्फोट मिळत नसे. १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने ही तरतूद अन्यायाची ठरवली आणि २००१ साली संसदेने कायदा बदलला. हा कायदेशीर हक्क झाला, त्याने संस्काराची शिकवण बदलत नाही. पण एका ख्रिस्ती स्त्रीचा छळ हा तिच्या सुटकेला पुरेसा नाही, असे आपल्याच देशात १३० वर्षे मानले गेले, हे लक्षात राहावे.

क्षमा म्हणजे काय?

'सत्तर वेळा सातदा क्षमा करा' असे प्रभूने सांगितले, मग तिने क्षमा नको का करायला? करावी, तिला जमेल तेव्हा. पण क्षमा तिची आहे. आम्ही चार माणसांनी चहा घेता घेता तिच्या वतीने ती देऊन टाकली, हा आमचा गुन्हा होता. क्षमा करणे म्हणजे झालेच नाही असे म्हणणे नव्हे, आणि क्षमा केली म्हणजे आज संध्याकाळीच त्या घरी परतले पाहिजे, असेही नव्हे.

आणि त्याचे काय? तोही आपलाच भाऊ आहे, आपल्याच बाकावर बसतो. त्याला वाळीत टाकून काम होणार नाही, पण खोटा दिलासा देऊनही होणार नाही. जक्कयाकडे पाहावे. आपण चुकलो, एवढे म्हणून तो थांबला नाही. कोणाला लुबाडले असेल तर चौपट परत देतो, असे तो उभा राहून म्हणाला. पश्चात्तापाचे माप असे मोजता येते. मारणाऱ्याने डोळ्यांत पाणी आणले की आपण विरघळतो. त्याने 'तिने मला चिडवले' हे वाक्य टाकून दिले का, मुलांचा खर्च वेळेवर पाठवतो का, दारू असेल तर उपचार घेतो का, ती दूर राहते तोवर तिच्या दाराशी जाऊन तमाशा करत नाही ना, आणि असे महिनेच्या महिने टिकते का, हे आपण पाहिले पाहिजे. समजूत घालायची ती त्याची घालावी, आणि त्यासाठी त्याच्या मित्रांनी, भावांनी, त्याच्याबरोबर क्रिकेट खेळणाऱ्यांनी पुढे यावे. 'तू हात उचलतोस हे आम्हांला माहीत आहे आणि ते आम्हांला चालणार नाही' हे वाक्य एका पुरुषाने दुसऱ्याला सांगितले तर त्याचे वजन वेगळे पडते.

काहींच्या मनात शंका येईल की तिचे म्हणणे खोटे असले तर? तपास करणे, साक्षी घेणे, निकाल देणे हे न्यायालयाचे काम आहे आणि ते तेथेच होऊ द्यावे. आपण ऐकून घेतले आणि रात्रभर आसरा दिला, म्हणजे कोणाला शिक्षा दिली असे होत नाही.

नांदणे

आपल्या भाषेत 'नांदणे' हा फार सुंदर शब्द आहे. घरात सुख नांदते, गावात एकोपा नांदतो, असे आपण म्हणतो. मुलगी नांदायला जाते असेही म्हणतो. पण तोच शब्द आपण कसा वापरतो? 'तिला नांदायला पाठवा.' जणू नांदणे म्हणजे त्या उंबऱ्याच्या आत असणे. जेथे ती दबकत चालते, पावलांचा आवाज ऐकून मुले पुस्तकात डोके घालतात, तेथे ती राहते, पण नांदत नाही.

पुण्याहून दौंडकडे येणारी पॅसेंजर केडगावला थांबते. आपण शेकडो वेळा त्या स्टेशनावरून गेलो असू. पंडिता रमाबाई (१८५८-१९२२) यांनी मुंबईत १८८९ साली सुरू केलेले शारदा सदन पुढे पुण्यास आले, आणि १८९६-९७ च्या दुष्काळानंतर केडगावला मुक्ती सदन वाढले. विधवा, टाकलेल्या, दुष्काळात पोरक्या झालेल्या शेकडो मुली व स्त्रिया तेथे राहिल्या. शेती, विणकाम, छापखाना अशी कामे त्या शिकल्या. रमाबाई आपल्या कॅथलिक पंथाच्या नव्हत्या, पण आपल्याच दौंड तालुक्यातील त्या मोठ्या ख्रिस्ती स्त्री होत्या. दारात आलेल्या बाईला त्यांनी जागा आणि काम दिले. ज्या स्त्रीला जगाने 'परत जा' म्हटले तिला 'आत ये' म्हणणारे एक दार आपल्या तालुक्यात सव्वाशे वर्षांपूर्वी होते.

आपल्या धर्मग्रामात असे दार आहे का? मोठी इमारत लागत नाही. महिला मंडळातील दोन-तीन अनुभवी बहिणींनी एवढे ठरवले की रात्री कोणी आले तर विचारपूस सकाळी करायची, आधी दार उघडायचे, तरी ते दार झाले. तिला एकटीला भेटावे, नवऱ्यासमोर वा सासूसमोर विचारू नये. 'तू काय केलेस?' हा प्रश्न टाळावा. 'तुला काय हवे आहे?' हा विचारावा, आणि तिचे उत्तर आपल्याला पटले नाही तरी ते तिचेच राहू द्यावे. ती परत गेली तरी दार बंद करू नये, कारण कित्येक जणी अनेकदा परत जाऊन मगच कायमच्या निघतात. तिने सांगितलेले मंडळात चघळू नये. लागले असेल तर सरकारी दवाखान्यात नेऊन नोंद करून घ्यावी. तिचे आधार कार्ड, मुलांचे दाखले, बँकेचे पुस्तक यांच्या प्रती सुरक्षित ठिकाणी ठेवायला मदत करावी.

तातडीच्या वेळी ११२ आणि स्त्रियांच्या मदतीसाठी १८१ हे क्रमांक आहेत, ते मुलींनाही पाठ असू द्यावेत. महिला व बालविकास विभागाचे संरक्षण अधिकारी तिचा अर्ज न्यायालयापुढे नेण्यास मदत करतात. तालुका विधी सेवा समितीकडून स्त्रीला तिच्या उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. पती वा सासरच्यांकडून होणारा छळ हा १९८३ पासून फौजदारी गुन्हा आहे. पूर्वीचे कलम ४९८-अ आता, १ जुलै २०२४ पासून, भारतीय न्याय संहितेत कलम ८५ झाले आहे. ही माहिती देणे म्हणजे घर फोडणे नव्हे. ते घर मारहाणीने आधीच फुटलेले असते.

त्या बहिणीने आमच्यातील एकीला आणखी एक गोष्ट सांगितली होती. आम्ही ज्या दिवशी तिच्या घरी गेलो, त्या दिवशी आम्ही येणार हे कळल्यावर तिने एका पिशवीत मुलांचे कपडे भरून ठेवले होते. कोणीतरी 'चल आमच्याबरोबर' म्हणेल असे तिला वाटले होते. आम्ही प्रार्थना करून उठलो तेव्हा ती पिशवी दाराआड होती.

तिची क्षमा आम्ही मागितली आहे. ती द्यायची की नाही हे तिने ठरवावे. पण यापुढे आपल्यापैकी कोणीही अशा घरी गेले तर बसण्यापूर्वी दाराआड पाहावे, एवढीच आपणा सर्वांना विनंती.